नवव्या तासाचे कपडे

पत्राचा सारांश

52 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. परदेशात राहणाऱ्या लेकीकडे त्या दुसऱ्यांदा निघाल्या आहेत, या वेळी एकट्या. पहिलं विमान साडेचौदा तासांचं, मध्ये चार तास थांबणं, मग आणखी तीन तासांचं विमान. दोन वर्षांपूर्वीचा पहिला प्रवास आठवला की त्यांना अजून धास्ती वाटते. घ्यायला लेकीच्या सासरची मंडळी येणार म्हणून त्यांनी नवी, अंगाला घट्ट बसणारी पँट आणि नवे बंद बूट घातले होते. अर्ध्या वाटेवर पँट पोटात रुतायला लागली. काढून ठेवलेले बूट उतरताना पायात जाईनात. विहीणबाईंसमोर त्या लंगडत गेल्या. चष्मा, गोळ्या, शाल सगळं डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेत होतं, पण शेजारच्यांना उठवायचा संकोच म्हणून काहीच काढलं नाही. त्याच संकोचापायी पाणीही घोट-दोन घोटच प्यायल्या.

आता मैत्रिणीने 40 वस्तूंची यादी पाठवली आहे. लेक म्हणते, ढगळ ट्रॅक पँट घालून ये. यजमान म्हणतात, "एवढं काय त्यात, झोपेची गोळी घे आणि झोपून जा." ताई विचारतात: चारचौघांत नीटनेटकं दिसावं की आराम बघावा? हाताशी काय ठेवावं? पायाला घट्ट दाबून बसणारे मोजे आजारी माणसांसाठीच असतात का? आणि शेवटी लिहितात, "एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र लिहायचीही लाज वाटते."

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला ते खटकलं. दोन विमानांत मिळून साडेसतरा तास खुर्चीत बसायचं, पुढची खुर्ची गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं, अंधार, कोरडी हवा. ही एवढीशी गोष्ट नाही. तुमचं अंग त्या प्रवासात दुखलं आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं नाहीत. आता विचारताय हे फार बरं केलंत.

"नीटनेटकं की आरामशीर" असे दोनच रस्ते तुमच्यासमोर उभे आहेत. मागच्या वेळी तुम्ही कपडे निवडले ते दोन क्षणांसाठी: घरातून निघतानाचा आणि पोचल्यावर भेटतानाचा. मधले साडेसतरा तास त्या निवडीत कुठे आलेच नाहीत. माझी विनंती आहे, या वेळी कपाटासमोर उभ्या राहाल तेव्हा नवव्या तासाचा विचार करा. दिवे मालवलेले आहेत, पहिली झोप मोडली आहे, दुसरी लागत नाही, पाय जड झालेत, नाक कोरडं पडलंय आणि उतरायला अजून साडेपाच तास आहेत. त्या वेळी अंगावर काय असलेलं बरं वाटेल? ते घाला. नीटनेटकेपणाची सोय आपण वेगळी करू, ती सोपी आहे.

आधी त्या रुतणाऱ्या पँटबद्दल, कारण त्यात तुमची चूक समजू नका. विमान 35 ते 40 हजार फुटांवर उडतं. आत हवेचा दाब वाढवलेला असला तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो. 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखी आतली हवा असते. दाब कमी झाला की वायू पसरतो, आणि आपल्या पोटात, आतड्यांत वायू असतोच. 8 हजार फुटांच्या दाबाला तो जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. या वेळी एक करून बघा. रात्री पाणी संपलेली प्लास्टिकची बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. उतरल्यावर काढाल तेव्हा कोणीतरी मुठीत आवळल्यासारखी ती चेपलेली असेल. वर असताना आत भरलेली विरळ हवा खालच्या दाबाने दाबली गेली, एवढंच. तुमच्या पोटात याच्या उलटं घडत होतं, आणि वरून पँटचा पट्टा दीड इंचही सैल व्हायला तयार नव्हता.

म्हणून कमरेला रुंद, मऊ इलॅस्टिक हवं. नाडी असेल तर बसल्या जागी सैल करता येईल अशी. लेकीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: सैल पँट हवी, पण ढगळ नको. फार घोळदार पँट स्वच्छतागृहातल्या ओल्या जमिनीला लागते. घोट्याशी संपणारी, गडद रंगाची, सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेली पँट बघा. गुडघ्याच्या मागे जाड शिवण किंवा चुण्या नसाव्यात. दिसायला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण बसल्यावर तीच शिवण तासन्‌तास शिरांवर दाबत राहते. वरून खालपर्यंत एकसंध असलेला पोशाख मात्र घालू नका. त्या चिंचोळ्या जागेत, विमान हलत असताना, तो पूर्ण उतरवणं म्हणजे शिक्षा.

वरच्या अंगाला एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ बरे. आत पूर्ण बाह्यांचा सुती टॉप. त्यावर पुढून उघडणारा, चेनचा किंवा बटणांचा हलका स्वेटर. डोक्यावरून काढायच्या स्वेटरला दोन्ही कोपरं फाकवावी लागतात आणि शेजारच्याला लागतात, मग माणूस उकडत बसतो पण काढत नाही. तुमचा स्वभाव पत्रावरून जेवढा कळला, त्यावरून तुम्ही नक्की उकडत बसाल. तिसरी मोठी शाल किंवा स्टोल: पांघरूण, उशी, डोळ्यांवरची पट्टी, सगळं तीच. विमानातलं तापमान एकसारखं नसतं. चढेपर्यंत उकडतं आणि मध्यरात्री गारठा येतो, विशेषतः पायांशी आणि दरवाजाजवळच्या रांगांत. आणि एक, खुर्चीचा पट्टा शालीच्या वरून बांधा. विमान हलायला लागलं की कर्मचारी पट्टे तपासत फिरतात. तो दिसला तर तुम्हाला उठवत नाहीत.

आतल्या कपड्यांबद्दल सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तारेची ब्रा त्या दिवशी घरी ठेवा. नवव्या तासाला ती बरगडीत टोचते, आणि तपासणीच्या यंत्रात धातूमुळे कधी कधी थांबवलंही जातं. मऊ, सुती, वापरून सैलसर झालेली बरी. पाळी सुरू असण्याच्या वयातल्या वाचकांनी तारीख दूर असली तरी पॅड जवळ ठेवावेत. प्रवासाने वेळापत्रक हलतं.

कापडाबद्दल आणखी एक सांगते, घाबरवण्यासाठी नव्हे. नायलॉनसारखं कृत्रिम कापड आगीच्या झळेने वितळून कातडीला चिकटतं. सूत आणि लोकर तसं करत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानाला परवाना मिळतो तेव्हा निम्मेच दरवाजे वापरून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. तसा प्रसंग तुमच्यावर बहुधा कधीच येणार नाही. पण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बूट पायात असावेत, एवढं पाळायला काही लागत नाही. टाचांचे बूट तर नकोतच, संकटात बाहेर पडायच्या घसरगुंडीवर जाण्याआधी ते काढायला लावतात.

आता पाय. हा भाग मी सावकाश लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट इथेच आहे.

आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. हा पंप बसून राहिलं की थांबतो. मग पाणी घोट्यांपाशी साचतं आणि बूट लहान होतो. दोन्ही पाय सारखे सुजले आणि पोचल्यावर चालून-झोपून दुसऱ्या दिवसापर्यंत उतरले, तर सहसा घाबरण्याचं कारण नसतं. मात्र तासन्‌तास पाय अजिबात हलले नाहीत तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. याचा विमानाशीच संबंध आहे असंही नाही. 1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी तेव्हा लिहून ठेवलं की फुप्फुसात गुठळी अडकून अचानक दगावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्या खुर्च्यांची पुढची लाकडी पट्टी रात्रभर गुडघ्यामागे दाबत असे. शिवणीबद्दल मी एवढी का बोलले ते आता लक्षात येईल.

प्रमाणही सांगते, म्हणजे भीती अवास्तव वाढणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त प्रवासात, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की गाडीचा, गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. पण निरोगी माणसांत चार तासांहून लांबच्या विमानप्रवासानंतर असं होण्याचं प्रमाण सुमारे 6,000 मध्ये एक होतं. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतं मोठं ऑपरेशन झालं असेल, कर्करोग असेल, गरोदरपण असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, वजन खूप जास्त असेल किंवा घरात कोणाला हा त्रास असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. तुमच्या वयात काही जणींना रजोनिवृत्तीसाठी हार्मोन दिलेले असतात. तुम्हालाही असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

दाबाचे मोजे फक्त आजारी माणसांसाठी नसतात. गुडघ्याखालपर्यंतचे, घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब देणारे मोजे मिळतात. पाकिटावर दाब मिलिमीटर पाऱ्यात लिहिलेला असतो. प्रवासासाठी 15 ते 30 च्या दरम्यानचे वापरतात. त्यांनी सूज कमी होते आणि लक्षणं न दिसणाऱ्या गुठळ्यांचं प्रमाणही घटतं. घोटा आणि पोटरी यांचं माप सकाळी उठल्या-उठल्या घ्या, सूज नसताना. निघायच्या दिवशीही सकाळीच घाला. वरची कड दुमडू नका, दुमडली की तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. पायांच्या धमन्यांचा आजार असेल किंवा मधुमेहामुळे पावलांना बधिरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालायचे नाहीत. आणि नुसत्या प्रवासासाठी, कोणीतरी सांगितलं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका; या कामासाठी डॉक्टर ती सहसा देत नाहीत.

बूट नवे नकोतच. वर्षभर वापरलेले, लेस किंवा चिकटपट्टी पूर्ण सैल होणारे, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतानाही सहज जाणारे हवेत. विमानात काढलेत तरी स्वच्छतागृहात नुसत्या मोज्यांवर जाऊ नका. घरात वापरतात तशी पातळ सपाट चप्पल पिशवीत मावते. उतरण्याच्या तासभर आधीच बूट घालून बघा म्हणजे शेवटच्या क्षणी धांदल होणार नाही. तुमची उंची कमी असेल आणि पावलं जमिनीला नीट टेकत नसतील तर समोरच्या खुर्चीखाली ठेवलेल्या पिशवीवर पाय ठेवा. खुर्चीची कड मांडीखाली दाबायची थांबेल.

आता पाणी आणि संकोच. या दोन्हींचं उत्तर एकच आहे. विमानातल्या हवेत ओलावा फार कमी असतो, बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली. नाक, ओठ, डोळे सुकतात ते त्यामुळे. म्हणून बादलीभर पाणी प्यायची गरज नाही. तासा-दीड तासाने काही घोट पुरेत. पण "उठावं लागेल" म्हणून पाणी टाळायचं हे गणित उलटं आहे, ताई. उठावं लागणं हाच तर पायांवरचा उपाय. तुमच्यासारख्या कितीतरी बायका हे करतात, आणि कितीतरी वयस्कर पुरुषही. तहान दाबून, लघवी दाबून, तास मोजत बसतात. कोणाला त्रास होऊ नये हा तुमचा चांगुलपणा आहे. पण त्याची सगळी किंमत तुमच्या अंगानेच का द्यावी?

तिकीट अजून हातात असेल तर मार्गिकेलगतची जागा मागा. खिडकीशी बसणारे कमी उठतात आणि त्यांना गुठळीचा धोका थोडा जास्त असल्याचं आढळलं आहे. आतली जागाच मिळाली तर बसल्या-बसल्या, विमान हलायच्या आधीच, शेजारच्यांना हसून सांगा: "मला पायांसाठी दर दोन तासांनी उठावं लागतं. तुम्ही झोपलेले असाल तर हलकेच उठवलं तर चालेल ना?" एकदा परवानगी मिळाली की पुढच्या सहा वेळा मागावी लागत नाही. आणि बहुतेकदा शेजारच्यालाही उठायचंच असतं, तोही कोणाच्या तरी निमित्ताची वाट बघत असतो.

झोपेच्या गोळीबद्दल यजमानांचं ऐकू नका, एवढंच म्हणेन. ते प्रेमाने सांगताहेत, पण गोळी घेऊन मान वाकडी करून सात तास न हलता पडून राहणं हे पायांसाठी नेमकं नको ते आहे. झोप आली तर जरूर झोपा. जाग आली की उठून चार पावलं चाला, बसल्या जागी टाचा वर-खाली करा.

मैत्रिणीच्या 40 वस्तूंच्या यादीत मला एकही वस्तू वाईट दिसत नाही. अडचण अशी की मागच्या वेळीही तुमच्याजवळ सगळं होतं. चष्मा होता, गोळ्या होत्या, शाल होती. ते दोन फूट वर होतं एवढंच. तेव्हा काय न्यायचं यापेक्षा कुठे ठेवायचं याचा विचार जास्त करा. डोक्यावरच्या कप्प्यात जाणारी वस्तू चढल्यावर मोजू नका, ती उतरेपर्यंत नाहीच असं धरा.

एक छोटी चेनची पिशवी घ्या, दोन तळहातांएवढी, आतून फिक्या रंगाची, म्हणजे अंधारात वस्तू दिसतील. तिच्यात डबीसह चष्मा (लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्माच बरा, कोरड्या हवेत डोळे चुरचुरतात), त्या दिवसाच्या गोळ्या, ओठांचं मलम, क्रीमची छोटी ट्यूब, कागदी रुमाल, कानातले बोळे, टूथब्रश, फोनची वायर आणि एक पेन. बोळ्यांना कमी लेखू नका. इंजिनाची घरघर रात्रभर चालू असते आणि ती थांबली की कळतं आपण कशाने दमलो होतो. पेन यासाठी की उतरताना कधी कधी फॉर्म भरायला लागतो आणि अख्ख्या रांगेत पेन नसतं. क्रीमची ट्यूब बंद करताना आतली हवा दाबून काढून टाका, नाहीतर वर गेल्यावर झाकण उघडताच ती बाहेर येते. कारण तेच, बाटलीचं आणि पोटाचं.

ही पिशवी समोरच्या खुर्चीच्या खिशात राहील. पासपोर्ट तिथे कधीही ठेवू नका. तिथे विसरलेले पासपोर्ट फार. तो गळ्यातल्या किंवा कमरेच्या पाउचमध्ये, अंगावर. त्याच पाउचमध्ये लेकीचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद, कारण फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

औषधांचा मोठा साठा विमानाच्या पोटात जाणाऱ्या (चेक-इन) सामानात टाकायचा नसतो. पूर्ण मुक्कामाच्या नेहमीच्या गोळ्या केबिनच्या बॅगेत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामान उशिरा आलं तरी तुमची रक्तदाबाची गोळी चुकणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनीही ते सामानात देऊ नये, तिथे ते गोठू शकतं. वेळेचा फरक मोठा असेल तर कोणती गोळी किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

द्रवपदार्थांचा नियम 2006 पासून बहुतेक ठिकाणी आहे: 100 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नाही, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो शिथिल झाला आहे, पण तुम्हाला मध्ये विमान बदलायचं आहे, तेव्हा कडक नियम धरूनच भरा. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणीनंतर भरा. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच लागते. 100 वॉट-अवरपर्यंतची चालते. नेहमीची 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर भरते. विमानात तिच्यावर फोन चार्ज करता येतो की नाही, तेवढं विमान कंपनीला विचारून घ्या.

कान दुखतात ते बहुधा उतरताना. विमान खाली यायला लागलं की जागं राहा, सारखे आवंढे गिळा, जांभई द्या, किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून अगदी हलका जोर द्या. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

राहिल्या विहीणबाई. केबिनच्या बॅगेत सगळ्यात वर एक पातळ कापडी पिशवी ठेवा: न चुरगळणारा, तुमच्या आवडीच्या रंगाचा टॉप, आतले कपडे, कंगवा, छोटा टॉवेल. विमानात बदलायची घाई करू नका, उतरायच्या आधी तिथे रांग लागलेली असते. शेवटच्या विमानातून उतरल्यावर, सामान घ्यायच्या आधी, विमानतळाच्या स्वच्छतागृहात जा. तिथे जागा असते, आरसा असतो, जमीन हलत नाही. तोंड धुवा, दात घासा, टॉप बदला, तीच शाल झटकून नीट घ्या. गडद पँट बदलायची गरजच पडत नाही. पंधरा मिनिटं लागतील आणि बाहेर थांबलेली माणसं तेवढं थांबतात. व्याह्यांना तुमची पँट आठवणार नाही, हे मी खात्रीने सांगते. तुम्ही लंगडत होतात ते मात्र त्यांनीही काळजीने पाहिलं असेल.

पोचल्यानंतर पुढचे काही आठवडे एकच लक्ष ठेवा. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, ती गरम किंवा लाल होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय. लेकीलाही हे आधीच सांगून ठेवा.

निघायच्या दोन आठवडे आधी एका संध्याकाळी ठरवलेले सगळे कपडे घाला: पँट, टॉप, मोजे, बूट. जेवणाच्या टेबलाच्या सरळ पाठीच्या खुर्चीत तीन तास बसा. तेवढ्यात कुठे टोचतंय, कुठे रुततंय ते कळेल, आणि दुसरं काही शोधायला वेळही हातात असेल. मग यजमानांना दिवा मालवायला सांगा, ती छोटी पिशवी मांडीवर घ्या आणि नुसत्या हाताने आधी चष्मा काढा, मग गोळी, मग पेन. जी वस्तू पटकन सापडली नाही तिची जागा बदला आणि पुन्हा एकदा करून बघा.